कातळ, गरम पाण्याची कुंडं आणि ज्वालामुखी: तुमचे प्रश्न

२०२५ च्या नोव्हेंबरात इथिओपियातला हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला, त्याची राख तांबडा समुद्र आणि अरबस्तान ओलांडून पार दिल्लीपर्यंत आली, विमानं रद्द झाली, तेव्हापासून ज्वालामुखीवरचे प्रश्न या सदराकडे यायला लागलेत. त्यातले कोकणातून आलेले प्रश्न या वेळी घेतोय. आपण कोकणातली माणसं ज्वालामुखीच्या दगडावरच घरं बांधून राहतो, त्याच दगडात विहिरी खणतो, आणि तरी त्याच्याबद्दल शाळेत जेमतेम एक पान असतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गुहागरहून एक वाचक लिहितात: मोबाइलवर लाव्हाचे व्हिडिओ बघून मुलगी विचारते, पृथ्वीच्या पोटात सगळीकडे असाच लाव्हा उकळतोय का, आणि वरचं कवच कुठे फुटलं की तो बाहेर येतो का? पुस्तकातल्या चित्रातही सगळं लालच दाखवलेलं असतं.

नाही. त्या लाल रंगाने फार घोटाळा करून ठेवलाय. जमिनीखाली कवच, ते साधारण ३०-४० किलोमीटर जाड, त्याच्याखाली मॅन्टल, आणि हे मॅन्टल २,९०० किलोमीटर खोलपर्यंत जातं. आता मुलीला हे सांगा की मॅन्टल म्हणजे घन दगड आहे, तापलेला आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात तो हळूहळू सरकतोसुद्धा, पण दगडच. हे कळलं भूकंपामुळे. भूकंपाच्या लाटांत एक जात अशी असते की ती द्रवातून जातच नाही, आणि ती लाट मॅन्टलमधून मात्र आरपार जाते. पातळ आहे तो त्याच्याही खालचा बाहेरचा गाभा, पण तो वितळलेल्या लोखंडाचा आहे आणि ते लोखंड ज्वालामुखीतून वर येत नाही.

मग लाव्हा येतो कुठून? तर हा घन दगडच काही ठरावीक जागी थोडासा वितळतो. इतक्या खोल हजार-बाराशे अंशांच्या वर तापमान असतं तरी दगड वितळत नाही कारण वरच्या दगडाचं प्रचंड प्रेशर त्याला वितळू देत नाही. म्हणून तो वितळायचा असेल तर आच वाढवायलाच पाहिजे असं काही नाही, प्रेशर उतरलं तरी चालतं. जिथे दोन प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कडक थराचे अवाढव्य तुकडे, एकमेकींपासून लांब जातायत तिथे खालचा दगड वर सरकतो, वर येताना तो फारसा थंड होत नाही पण त्याच्यावरचं ओझं कमी होतं, आणि मग त्यातला थोडा भाग वितळतो. आइसलँड असंच बनलंय, हायली गुब्बी ज्या अफार भागात आहे तिथेही जमीन अशीच ताणली जातेय, आणि आपल्या अरबी समुद्राच्या तळाशी कार्ल्सबर्ग रिज नावाची डोंगररांग आहे तिथे हेच चाललंय, फक्त ते पाण्याखाली असल्यामुळे आपल्याला दिसत नाही.

दुसरा रस्ता पाण्याचा आहे आणि तो मला स्वतःला सगळ्यात नवलाचा वाटतो. एक प्लेट दुसरीच्या खाली घुसते तेव्हा समुद्राच्या तळाच्या खनिजांत अडकलेलं पाणी ती सोबत घेऊन जाते, साधारण १०० किलोमीटर खोल गेल्यावर ते पाणी सुटून वरच्या गरम दगडात शिरतं, आणि पाणी शिरलेला दगड कोरड्या दगडापेक्षा कितीतरी कमी तापमानाला वितळतो. म्हणजे समुद्राचं पाणीच आग लावायला मदत करतं! जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, दक्षिण अमेरिकेतला अँडीज हे सगळे या प्रकारातले. आपलं अंदमानातलं बॅरन बेटही यातलंच, पोर्ट ब्लेअरपासून साधारण १४० किलोमीटरवर, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी तो, १९९१ ला बऱ्याच मोठ्या झोपेनंतर उठला आणि त्यानंतर अधूनमधून राख टाकत असतो.

तिसरी जागा म्हणजे हॉटस्पॉट, तिथे प्लेटच्या मधोमधच खोलवरून जास्तीचा गरम दगड वर चढत असतो, उदाहरण हवाई किंवा रियुनियन बेट. रियुनियनचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं आपल्याशी नातं येणार आहे.

वितळलेला भाग म्हणजे मॅग्मा, तो आजूबाजूच्या घन दगडापेक्षा हलका म्हणून वर सरकत राहतो आणि बऱ्याचदा कवचातच काही किलोमीटरवर अडकून साठतो. तिथे तो शेकडो-हजारो वर्षं पडून राहू शकतो, थंड होऊन तिथेच दगडही होऊ शकतो. खालून नवा गरम मॅग्मा आला, किंवा विरघळलेले गॅस सुटायला लागून आतलं प्रेशर वरच्या दगडाला झेपेना, की भेग पडते आणि तो बाहेर येतो.

मालवणहून अकरावीतला विद्यार्थी: काही ठिकाणी लाव्हा शांतपणे वाहतो, माणसं जवळ उभी राहून फोटो काढतात, आणि काही ठिकाणी डोंगरच उडतो. असं का? इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीने उठवली तशी लाट आपल्या किनाऱ्यावर येऊ शकते का?

दोन गोष्टींवर ठरतं, मॅग्मा किती घट्ट आहे आणि त्यात गॅस किती आहे. घट्टपणा येतो सिलिकामुळे, म्हणजे वाळूत आणि काचेत असतो त्या घटकामुळे. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या दगडात, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असते आणि तो ११००-१२०० अंशांना बाहेर पडतो, त्यामुळे पातळ, भराभर वाहणारा. रायोलाइट नावाच्या दुसऱ्या ज्वालामुखी दगडात सिलिका ७० टक्क्यांच्या वर, शिवाय तो तुलनेने थंड, त्यामुळे इतका चिवट की वाहतच नाही म्हटलं तरी चालेल. आता गॅसचं बघ. खोलवर प्रेशरखाली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे सगळं मॅग्मात विरघळलेलं असतं. मॅग्मा वर आला, प्रेशर उतरलं, की बुडबुडे धरायला लागतात. पातळ मॅग्मातून ते सुटून जातात, घट्ट मॅग्मात अडकतात आणि फुगत जातात, शेवटी अख्ख्या मॅग्माच्याच ठिकऱ्या उडतात. त्या ठिकऱ्या म्हणजेच राख. ती लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते हं, बारीक काचेचा आणि दगडाचा चुरा असतो तो, आणि विमानाच्या इंजिनात गेला की वितळून आतल्या पात्यांना चिकटतो, म्हणून तर नोव्हेंबरात विमानं थांबवली.

लोक मरतात ते बहुतेक वेळा लाव्हाने नाही. क्राकाटोआत २७ ऑगस्ट १८८३ ला जे झालं त्याचा आवाज ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला, ३६,००० च्या वर माणसं गेली आणि त्यातली बहुतेक त्सुनामीत. कोलंबियात १३ नोव्हेंबर १९८५ ला नेव्हाडो देल रुईझ फुटला, स्फोट तसा मोठाही नव्हता, पण शिखरावरचा बर्फ वितळून राखेचा आणि चिखलाचा लोंढा नदीतून खाली आला आणि रात्रीतून आर्मेरो गाव पुरलं गेलं, साधारण २३,००० माणसं. त्या लोंढ्याला धोका कुठे आहे याचा नकाशा आधीच तयार होता, हे वाचलं की अजून राग येतो. त्याच्या उलट फिलिपिन्समधला पिनाटुबो, जून १९९१. खालचे भूकंप वाढले, सल्फर डायऑक्साइड वाढला, शास्त्रज्ञांनी सांगितलं, सरकारने ऐकलं, हजारो लोकांना आधी हलवलं आणि बरेच जीव वाचले. त्याच्या गॅसने पुढच्या वर्षी अख्ख्या जगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं होतं.

आपल्या किनाऱ्यापुरतं सांगायचं तर अरबी समुद्रात क्राकाटोआसारखा ज्वालामुखी नाही. आपल्याला त्सुनामीचा विचार करायचा तो पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यामुळे, तिथे प्लेट खाली जाते आणि मोठे भूकंप होतात. १९४५ च्या नोव्हेंबरातल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि माणसं दगावली होती.

श्रीवर्धनहून एक वाचकताई: हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर काळा कातळ आहे, लोक म्हणतात हा ज्वालामुखीचा दगड. मग त्या ज्वालामुखीचा डोंगर कुठे गेला? तोंड कुठे आहे?

ताई, तोंड शोधून सापडणार नाही, कारण एक तोंड नव्हतंच. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ बेसॉल्टचा लाव्हा बाहेर येऊन मैलोनमैल पसरला, थांबला, पुन्हा आला, पुन्हा पसरला, असे एकावर एक थर. याचा मोठा भाग १० लाख वर्षांच्या आतच झाला, जे पृथ्वीच्या हिशेबात फारच झटपट आहे. आज उरलेला पसारा ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत सगळ्या थरांची मिळून जाडी २ किलोमीटरच्या वर जाते. चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे किंवा साखरप्याहून आंबा घाटाकडे बघा, पावसाळ्यात ढग उघडले की डोंगराच्या अंगावर आडव्या पट्ट्या दिसतात, एक उभा कडा, मग उताराची हिरवी पट्टी, वर पुन्हा कडा. कडा म्हणजे प्रवाहाचा घट्ट भाग, हिरवी पट्टी म्हणजे जिथे दगड कुजून माती धरली तो भाग. घाटात दिसणाऱ्या डोंगररांगा या ज्वालामुखीचे सुळके नाहीत, ते या थरांचे कापलेले तुकडे आहेत.

अशा भेगेतून लाव्हा येतो तेव्हा काय होतं हे माणसाने पाहिलंय. आइसलँडमध्ये १७८३ ला लाकी इथे साधारण २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. मोठा स्फोट नव्हता, पण त्याच्या विषारी गॅसने गवत गेलं, गुरं गेली, आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात त्या देशातला पाचातला एक माणूस गेला. आणि लाकी आपल्या इथल्या एखाद्या मोठ्या प्रवाहापुढे किरकोळच म्हणायचा. म्हणून डायनासोर नष्ट होण्यात या लाव्हाचा वाटा किती आणि मेक्सिकोत पडलेल्या अशनीचा किती यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे, अशनीकडे पारडं जड आहे, पण आपल्या लाव्हाला सगळ्यांनी वगळलेलं नाही.

भेगा मात्र दिसतात. मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उतरा, कातळात भिंतीसारखी सरळ उभी दगडाची पट्टी मध्येच आडवी गेलेली दिसते, आजूबाजूच्या दगडापेक्षा वेगळ्या पोताची. ती डाइक. मॅग्मा भेगेत शिरून तिथेच थिजला त्याची ही भिंत.

आणि काळवत्रीचा, म्हणजे याच काळ्या दगडाचा, एखादा ताजा फुटलेला तुकडा हातात घेऊन बघा. आतून करडा-काळा, इतका बारीक कणांचा की डोळ्याला कण दिसत नाहीत, कारण तो उघड्यावर लवकर थंड झाला, कण वाढायला वेळच मिळाला नाही. मग वाटाण्याएवढी, कधी सुपारीएवढी भोकं दिसतील, ते अडकलेल्या गॅसचे बुडबुडे. बऱ्याच भोकांत पांढरं काहीतरी भरलेलं असतं, लोक त्याला चुना समजतात, पण नीट पाहिलं तर सुयांसारखे किंवा पातळ पापुद्र्यांसारखे चकचकीत स्फटिक दिसतात. ते झिओलाइट. लाव्हा थिजल्यावर पुढे कधीतरी गरम पाणी त्या भोकांतून झिरपलं आणि त्याने ते आत जमवले. महाराष्ट्रातले हे स्फटिक जगभरच्या म्युझियममध्ये ठेवलेत आणि आपण ते रस्त्याच्या खडीत टाकतो.

मुंबईला जाणार असाल तर अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघून या, तिथे हाच बेसॉल्ट साधारण ६० मीटर उंच खांब-खांब होऊन उभा आहे. भात कापून झाल्यावर शेतातला चिखल सुकताना जसा कोनाकोनात भेगाळतो, तसाच थिजणारा लाव्हा आकसताना भेगाळतो, फक्त ती भेग खोल खोल उतरत जाते आणि खांब तयार होतात. आता चहूबाजूंनी बिल्डिंगी उठल्यात, त्यामुळे शोधत जावं लागतं.

संगमेश्वरहून: आमच्याकडे आरवली, तुरळ, राजवाडी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय की खाली ज्वालामुखी जागा होतोय. घरची म्हातारी माणसं घाबरलीत. खरं आहे का?

अजिबात खरं नाही, म्हाताऱ्या माणसांना आधी हे सांगा. आपला लाव्हा थिजून ६ कोटींहून जास्त वर्षं झाली, त्याची ऊब आता शिल्लक नाही. ही कुंडं काही एकट्या संगमेश्वरात नाहीत, वर तानसेकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, खाली पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, दापोली तालुक्यात उन्हवरे, मग तुमची तीन, आणि राजापूरचं उन्हाळे, अशी ती सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात ओळीने आहेत. ओळीने आहेत कारण खाली खोल भेगा आहेत. पृथ्वीत कुठेही खाली गेलं तर दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं, त्याला ज्वालामुखी लागत नाही. आपल्याकडे पाऊस उदंड, ते पाणी भेगांतून दोन-तीन किलोमीटर खाली उतरतं, तापतं, आणि दुसऱ्या भेगेने भराभर वर येतं, इतकं भराभर की वाटेत थंड व्हायला वेळ मिळत नाही. उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी ते ७० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे त्यात थेट उतरलात तर भाजेल, आधी हाताने अंदाज घ्या, लहान पोरांना सोडू नका. गंधकाचा वास येतो तो पाण्यात विरघळलेल्या थोड्याशा हायड्रोजन सल्फाइडचा.

ज्वालामुखी खरंच जागा होतो तेव्हा त्याची लक्षणं वेगळी असतात. आइसलँडच्या ग्रिंडाविक गावात नोव्हेंबर २०२३ ला दिवसाला शेकडो भूकंप व्हायला लागले, जमीन वर-खाली सरकली, आणि मगच गाव रिकामं केलं. आपल्याकडे असलं काहीही नाही.

खेडहून एक वाचक: मग कोकणात पुन्हा कधी असा लाव्हा येईल का?

येण्यासारखं कारण उरलेलं नाही. जो हॉटस्पॉट तेव्हा आपल्याखाली होता तो आज रियुनियन बेटाखाली आहे, तिथला पितों दे ला फुर्नेझ अजून सतत फुटत असतो. तो हॉटस्पॉट आपल्याखालून निघून गेला म्हणण्यापेक्षा आपली प्लेट उत्तरेला सरकत आली, आणि मागे वाटेत लक्षद्वीप, मालदीवच्या खालची ज्वालामुखी रांग सोडत आली. त्याच काळात कोकणाच्या पश्चिमेला चिकटलेला जमिनीचा तुकडा तुटून दूर गेला, तो म्हणजे आजचा सेशेल्स. तेव्हाच आपला हा किनारा जन्माला आला. पनवेलच्या आसपास लाव्हाचे आडवे थर समुद्राकडे झुकलेले दिसतात तेही त्याच ताणामुळे.

पण एक गोष्ट इथेच सांगतो, कारण मला तिची खरी काळजी आहे. या दगडापासून कोकणाला धोका आहेच, तो दरडीचा. कडक कातळावर कुजलेल्या दगडाचा आणि मातीचा जाड थर, त्यात चार दिवस धो धो पाऊस, पाणी मुरत जाऊन कातळाशी अडतं, मातीचा थर जड होतो, त्याची पकड सुटते आणि उतार खाली येतो. महाडचं तळिये, २२ जुलै २०२१, ८० हून जास्त माणसं. खालापूरची इर्शाळवाडी, जुलै २०२३. तुमच्या वरच्या उतारावर नवी आडवी भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलायला लागले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ आलं किंवा एकाएकी बंद झालं, तर ज्वालामुखीचे मेसेज पुढे पाठवण्यापेक्षा त्या रात्री घर सोडा आणि तलाठ्याला, ग्रामपंचायतीला कळवा.

लांज्याहून: विहीर खणताना काळ्या दगडाखाली मध्येच विटेसारखा तांबडा थर लागला. खणणारे म्हणाले आता पाणी नाही लागणार. खरं का?

अर्धं खरं. तो तांबडा थर म्हणजे दोन लाव्हा-प्रवाहांमधला मुक्काम. खालचा प्रवाह थिजला, बराच काळ उघडा राहिला, ऊन-पावसाने वरून कुजून माती झाली, आणि मग वरून पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. हा थर चिकण असतो, बहुतेक वेळा पाणी सोडत नाही, बोअरमध्ये ढासळतोही. पण त्याच्याखाली जो जुना प्रवाह आहे त्याचं डोकं भोकाभोकांचं, कुजलेलं असू शकतं, आणि बेसॉल्टमध्ये पाणी सापडतं ते अशाच डोक्यात किंवा भेगांत. मधला अखंड कातळ कोरडा. त्यामुळे आजूबाजूच्या विहिरींना कुठल्या खोलीवर पाणी लागलंय ते आधी विचारा, मग पुढे खणायचं की नाही ते ठरवा.

रत्नागिरीहून: सड्यावरचा जांभाही भोकाभोकांचा असतो. तोसुद्धा लाव्हाच ना?

लाव्हा नाही, लाव्हाचं लेकरू म्हणा हवं तर. ती भोकं गॅसची नाहीत. बेसॉल्टवर लाखो वर्षं उष्ण हवामानात मुसळधार पाऊस पडत राहिला, त्याने सिलिका धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला, आणि भोकं पडली ती त्यातली मऊ माती निघून गेल्यामुळे. खाणीतून चिरा ताजा निघतो तेव्हा मऊ असतो, सहज तासता येतो, हवा लागली की कडक होतो, हे तुम्हाला चिरेखाणीवाला सांगेलच. एखाद्या खोल खाणीत किंवा हायवेच्या ताज्या कापणीत वरून खाली बघत जा, आधी कडक जांभा, मग नरम, मग पिवळट-गुलाबी चिकणमाती, तिच्यात गोल गोल अर्धवट कुजलेले काळे गोटे, आणि तळाला अख्खी काळवत्री.